पॅन्स : बालकांतील आकस्मिक चेतामानसिक विकार

पॅन्स : चांगल्या चाललेल्या मुलाला एक-दोन दिवसांत तीव्र मंत्रचळ (नकोसे विचार आणि त्याच त्या कृती करण्याची बळजबरी, म्हणजे ओसीडी) लागणे किंवा त्याने खाणे जवळजवळ सोडून देणे, आणि त्याच सुमारास झोप, लघवी, हस्ताक्षर, अभ्यास, स्वभाव यांपैकी काही गोष्टी एकदम बिघडणे, हे या विकाराचे ढोबळ स्वरूप. ‘पॅन्स’ हे ‘पीडिअ‍ॅट्रिक अक्यूट-ऑनसेट न्यूरोसायकिअ‍ॅट्रिक सिंड्रोम’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून झालेले रूप होय. घशातील स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गाशी जोडला जाणारा त्याचा पोटप्रकार ‘पॅन्डास’ या नावाने त्याच्याही आधीपासून ओळखला जातो. ही नोंद गोव्यातील कुटुंबे व डॉक्टर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

मराठी संज्ञा अद्याप स्थिर नाही. ‘तंत्रिका’, ‘चेता’ आणि ‘मज्जा’ हे तिन्ही शब्द चालतात. येथे ‘चेता’ स्वीकारला आहे, कारण पाठ्यपुस्तकांतील ‘चेतासंस्थे’मुळे तो पालकांइतकाच मुलांनाही ओळखीचा असतो. ओसीडीसाठी ‘मंत्रचळ’ हा जुना शब्द ठेवला आहे. त्याला किंचित चेष्टेचा वास आहे खरा, पण इतका नेमका दुसरा शब्द मराठीत नाही.

पूर्वपीठिका : या विकाराचा उगम कोठे धरावा याविषयी एकमत नाही. बहुतेक लेखक टॉमस सिडनम या इंग्रज वैद्याच्या १६८६ मधील कोरियाच्या (अंगाच्या अनैच्छिक, वेड्यावाकड्या हालचालींच्या विकाराच्या) वर्णनापासून आरंभ करतात. त्याने कोरियाला ‘सेंट व्हायटसचे नृत्य’ म्हटले. हे नाव मात्र मूळचे मध्ययुगीन युरोपातील सामूहिक नृत्योन्मादाचे असल्याने पुढे बराच घोटाळा झाला. या कोरियाचा, घशातील स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गानंतर येणाऱ्या संधिवाताच्या तापाशी संबंध एकोणिसाव्या शतकात प्रस्थापित झाला, आणि अशा मुलांच्या वागण्यातील चमत्कारिक पुनरावृत्तीची नोंद विल्यम ऑस्लर याने १८९४ मध्ये केली. १९७६ मध्ये कोरियाच्या रुग्णांच्या रक्तात मेंदूतील काही केंद्रांना चिकटणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) आढळल्याचे प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत सुझन स्वीडो आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये सिडनम कोरियाच्या मुलांत मंत्रचळ असल्याचे दाखवले. मग उलटा प्रश्न आला : कोरिया नसलेल्या, पण अचानक मंत्रचळ लागलेल्या मुलांतही हीच यंत्रणा असेल का? १९९८ मध्ये त्यांनी अशा पहिल्या ५० मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले व ‘पॅन्डास’ नाव रूढ झाले.

वाद तेथूनच सुरू होतो. लक्षणे नसलेल्या शाळकरी मुलांपैकीही साधारण दहा-बारा टक्क्यांच्या घशात स्ट्रेप्टोकॉकस जंतू असू शकतात, त्यामुळे जंतू सापडणे म्हणजे कारण सापडणे नव्हे. २००८ मधील एका पाठपुराव्यात लक्षणे उसळल्याच्या ६४ प्रसंगांपैकी केवळ ५ संसर्गाच्या आगेमागे होते. मात्र निव्वळ योगायोगाने १.६ अपेक्षित होते हेही त्याच अभ्यासात आहे, आणि संबंध मानणारे व नाकारणारे असे दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा आकडा उद्धृत करतात. युरोपातील मोठ्या पाठपुराव्यात (२०२१) आचके (टिक्स, म्हणजे स्नायूंचे वारंवार होणारे अनैच्छिक झटके) वाढण्याचा स्ट्रेप्टोकॉकसशी संबंध आढळला नाही. या अडचणीतून २०१२ मध्ये दोन वाटा फुटल्या. स्वीडो, लेकमन व रोझ यांनी कारणाचा उल्लेखच गाळून केवळ आकस्मिक आरंभावर आधारलेले ‘पॅन्स’ हे नाव दिले. सिंगर व सहकाऱ्यांनी त्याहून व्यापक असा ‘कॅन्स’ हा गट सुचवला. कारण ठाऊक नसताना ते नावात घालू नये, या दृष्टीने पहिला पर्याय अधिक सयुक्तिक वाटतो.

यंत्रणेविषयीचे प्रचलित गृहीतक रेणुसादृश्याचे आहे. जंतूच्या आवरणातील शर्करा आणि मेंदूतील काही रेणू सारखे दिसत असल्याने शरीराची प्रतिपिंडे बेसल गँग्लिया या, हालचाली व सवयी सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागावर चुकून हल्ला करतात. डोपामिन या मेंदूतील निरोप्या रसायनाच्या ग्राहींवरील प्रतिपिंडांचे संशोधन बरीच वर्षे चालू आहे. २०१८ नंतरच्या काही कामांत बेसल गँग्लियातीलच स्ट्रायटम या भागातील कोलिनधर्मी आंतरचेतापेशींना चिकटणारी प्रतिपिंडे आढळली आहेत. परदेशात विकला जाणारा एक प्रतिपिंड-चाचणीसंच निरोगी व्यक्तींतही ‘होकारार्थी’ निघतो, असे स्वीडनमधील अभ्यासांत दिसले. त्यासाठी गोव्यातून रक्त पाठवण्याचा खर्च करण्यात अर्थ नाही.

निदान : निदान इतिहासावरून होते, एका चाचणीवरून नव्हे. आकस्मिक मंत्रचळ किंवा अन्नत्याग यांच्या जोडीला पुढील सातांपैकी किमान दोन गटांतील लक्षणे तितक्याच अचानक यावी लागतात : चिंता, भावनांचे हेलकावे किंवा खिन्नता, चिडचिड व आक्रमकता, लहान मुलासारखे वागू लागणे, अभ्यासात घसरण, संवेदना किंवा हालचालींतील बिघाड, आणि झोप, लघवी इत्यादी शारीरिक तक्रारी. शिवाय दुसऱ्या कोणत्याही ज्ञात रोगाने हे सारे अधिक चांगले उलगडता कामा नये. ‘तारीख’ येथे महत्त्वाची. सणाच्या ओघात दिवस मोजणाऱ्या गोमंतकीय घरांत ती सहसा मिळते : चवथीला आरत्या म्हणणारा मुलगा विसर्जनानंतर दोन दिवसांत पाण्याच्या पेल्यालाही हात लावेनासा झाला, अशा प्रकारचे सांगणे डॉक्टरने शब्दशः लिहून घ्यावे. उलट ज्या घरात सोवळे पाळले जाते तेथे वारंवार हात धुणे शिस्तीत खपून जाते आणि तारीख हरवते.

अन्नत्यागामागे बहुधा वजनाची काळजी नसते. घास अडकेल, वांती होईल, अन्नात विष असेल ही भीती असते. मासे खाणाऱ्या प्रदेशात काटा खरोखर अडकला होता का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून आधी पाहून घ्यावे लागते. घशाचा स्राव, तसेच एएसओ व अँटी-डीएनएझ बी (स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धची रक्तातील प्रतिपिंडे मोजणाऱ्या) या तपासण्या उपयोगी पडतात, परंतु एएसओची पातळी संसर्गानंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांनी शिखरावर असते. एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. सिडनम कोरिया, ल्युपस, विल्सनचा रोग आणि एनएमडीए-ग्राहीविरोधी मेंदूदाह या, अशीच लक्षणे देऊ शकणाऱ्या रोगांचा विचार आवश्यक. आकडी, शुद्ध हरपणे, ताप व मान ताठणे यांपैकी काहीही दिसल्यास घरी थांबू नये, १०८ ला फोन करावा. विकार विरळ आहे : अमेरिकेतील २०२३ च्या एका अंदाजानुसार तीन ते बारा वर्षांच्या सुमारे १२ हजार मुलांमागे वर्षाला एक.

उपचार : २०१७ मधील मार्गदर्शक सूचनांत तीन अंगे आहेत : मानसोपचार, संसर्गाचा बंदोबस्त व प्रतिरक्षेवरील औषधे. स्ट्रेप्टोकॉकस सिद्ध झाल्यास प्रतिजैविक द्यावे याबद्दल वाद नाही. महिनोन्‌महिने प्रतिबंधक मात्रा द्यावी का, याबद्दल आहे. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे) देण्याचा १९९९ मधील प्रयोग आशादायक होता, २०१६ मधील ३५ मुलांच्या प्रयोगात मात्र बनावट औषधाहून स्पष्ट फरक दिसला नाही. मात्रा वजनावर ठरत असल्याने वाढत्या मुलात खर्चही वाढतो. मंत्रचळासाठी भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे नेणारी वर्तनचिकित्सा देतात. मनोविकाराची औषधे या मुलांना फार थोड्या मात्रेने सुरू करावी लागतात.

गोव्यातील व्यवस्था : बांबोळी येथे गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज (मूळ शाळा १८४२) आणि मनोरुग्णोपचार व मानवी वर्तन संस्था जवळजवळ असल्याने बालरोग व मानसोपचार या दोन्ही विभागांत जाणे एकाच खेपेत साधू शकते; काणकोण किंवा सत्तरीहून येणाऱ्यांना हा मोठाच दिलासा. ही संस्था म्हणजे पूर्वीचे आबे फारिया मनोरुग्णालय. मोहनिद्रेचे कारण चुंबकत्वात नसून माणसाच्या मनातच आहे, असे सांगणारा हा कांदोळीचा पाद्री (१७५६–१८१९) मनोरुग्णालयाच्या नावात होता, हे औचित्याचेच. खाजगी क्षेत्रात १९९६ पासूनची ‘संगाथ’ आणि बालविकासावर काम करणारी ‘सेतू’ या संस्था परिचित आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी-सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे.

कुटुंबाला आधार : मूल मुद्दाम करत नाही हे आईवडिलांइतकेच आजीला, काकांना व वर्गशिक्षकांना समजावावे लागते. एकत्र घरात एकाने मंत्रचळाला नकार द्यायचा आणि दुसऱ्याने ‘बरं, हे शेवटचं हं बाळा’ म्हणत दहाव्यांदा हात धुऊ द्यायचे, यात उपचार वाया जातो. म्हणून पहिल्या भेटीलाच आजीला बोलवावे. दृष्ट काढणे, कुलदेवतेला कौल लावणे, घाडीला (गावच्या मांत्रिकाला) विचारणे हे पेडणे, डिचोली, फोंड्याकडच्या घरांत होणारच. डॉक्टरने त्याला हसू नये. ‘प्रसाद मिळाला, आता रक्त तपासू’ असे म्हणणारा डॉक्टर अधिक ऐकला जातो. मात्र मुलाला कोंडणे, उपाशी ठेवणे किंवा मारणे यांना मुभा नाही. भावंडांची झोप उडते आणि त्यांची घशाची तपासणीही राहून जाते.

रोजची नोंदवही सर्वांत उपयोगी : ताप, घसा, झोपेचे तास, खाल्लेले घास, लघवीच्या खेपा, दिलेली औषधे. लक्षणे आठवड्यांनी ओसरून पुन्हा उसळू शकतात आणि पुढच्या खेपेला डॉक्टर बदललेले असतात. शाळेत हस्ताक्षर बिघडलेल्या मुलाला तोंडी उत्तरांची मुभा, वारंवार लघवीला जाण्याची परवानगी व अर्ध्या दिवसाची हजेरी एवढ्यावर बरेच भागते; समुपदेशकाने ती मुख्याध्यापकांकडून लेखी घ्यावी, म्हणजे बदली शिक्षक आला तरी ती टिकते.