चिमुकल्या प्राण्यांचा मधुमेह: सुईच्या आधी वाटी

इन्सुलिनची कथा कुत्र्यांपासून सुरू होते. स्वादुपिंड काढल्यावर कुत्र्याला मधुमेह होतो, हे मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग या शास्त्रज्ञांनी १८८९ मध्ये दाखवलं. इन्सुलिन शोधून काढणाऱ्या बँटिंग आणि बेस्ट यांनीही १९२१ मध्ये टोरांटोत कुत्र्यांवरच प्रयोग केले. हॅमस्टर, डेगू, गिनी पिग या उंदरांच्या जातकुळीतल्या छोट्या पाळीव प्राण्यांच्या मधुमेहाची माहिती मात्र प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यांतून, बरीचशी अनपेक्षितपणे हाती आली.

१९५९ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी चायनीज हॅमस्टरमधल्या मधुमेहाची नोंद प्रसिद्ध केली. नात्यातल्या नात्यात जोड्या लावून वाढवलेल्या या वंशांत आजार पिढ्यान्‌पिढ्या उतरत होता. आनुवंशिकतेचा धागा तिथे सापडला.

त्याहून मोलाचा धडा वाळवंटातल्या सँड रॅटने दिला. हा प्राणी खारट मातीत उगवणाऱ्या झुडपांच्या रसाळ, कमी उष्मांकाच्या पानांवर जगतो. प्रयोगशाळेत त्याला इतर उंदरांचं नेहमीचं कोरडं खाद्य घातलं, आणि रक्तातली साखर चढली, डोळ्यांत मोतीबिंदू आले. १९६४ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. खाद्य विषारी नव्हतं, शिळंही नव्हतं. या शरीरासाठी ते फार पौष्टिक होतं, एवढंच. मला हा या साऱ्या इतिहासाचा कणा वाटतो.

चिलीतल्या डेगूचंही तेच. सुकं गवत नि पाला खाणाऱ्या या जिवाला फळाची गोड फोड सोसत नाही. त्याच्या डोळ्याच्या भिंगात आल्डोज रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) भरपूर असतं. ते जादा साखरेचं सॉर्बिटॉल करतं, सॉर्बिटॉल पाणी ओढतं आणि भिंग दुधासारखं पांढरं पडतं. पुष्कळदा पाळणाऱ्याला आजार कळतो तो या पांढऱ्या डोळ्यामुळेच, म्हणजे फार उशिरा.

गिनी पिगचं इन्सुलिन गाय-डुकराच्या इन्सुलिनपेक्षा बरंच वेगळं. म्हणून गाईचं इन्सुलिन टोचलं की त्याचं शरीर जोरदार प्रतिपिंडं तयार करतं. याच प्रतिपिंडांच्या आधारे यॅलो आणि बर्सन या अमेरिकी संशोधकांनी १९६० च्या सुमारास रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत उभी केली. माणसाला इतकं देणाऱ्या या प्राण्याच्या स्वतःच्या मधुमेहाचा सविस्तर अभ्यास व्हायला १९७० चं दशक उजाडलं.

या चिमुकल्या प्राण्यांत इन्सुलिनचं इंजेक्शन मागे का पडलं, हे सिरिंज हातात घेतली की कळतं. एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असलेल्या इन्सुलिनचं एक युनिट म्हणजे ०.०१ मिलिलिटर. चाळीस ग्रॅमच्या हॅमस्टरला त्याचाही अंश पुरतो. पशुवैद्याने ते पातळ करून दिल्याशिवाय मोजताच येत नाही, आणि थोडं जास्त गेलं तर साखर घसरून जीव जातो. म्हणून आधी बदलते ती खाण्याची वाटी: फळं, मध, गोड गोळ्या बंद, चारा आणि पालेभाजी त्या त्या प्राण्याला मानवेल तशी.

लघवीतली साखर दाखवणारी पट्टी १९५६ मध्ये माणसांसाठी बाजारात आली. आज तीच हॅमस्टरच्याही कामी येते. त्याला स्वच्छ, कोरड्या डब्यात थोडा वेळ ठेवायचं, थेंब पडला की पट्टीचं टोक त्यात टेकवायचं आणि डबीवर दिलेल्या वेळेला रंग पाहायचा. तो किती पाणी प्यायला हे सांगायला शेजारी पाण्याच्या बाटलीवर कालची खूण असतेच.