नैराश्यावरचे दोन उपचार ‘सारखेच’ आहेत, हे सिद्ध कसे करायचे?

नैराश्यावरच्या मानसोपचारांविषयी एक विधान वारंवार कानावर पडते: ‘कोणतीही थेरपी घ्या, परिणाम सारखाच.’ हा विचार जुना आहे. वेगवेगळ्या उपचारपद्धतींमागे काही समान घटक काम करत असावेत, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेनझ्वाइग यांनी १९३६ मध्येच सुचवले होते, आणि पुढे झालेल्या अनेक तुलनात्मक चाचण्यांमध्ये ठळक फरक आढळलाही नाही. परंतु ‘फरक आढळला नाही’ एवढ्यावरून ‘फरक नाही’ असे म्हणता येत नाही. ही गल्लत सामान्य वाचकांप्रमाणे संशोधकांच्या हातूनही होत आली आहे.

नैराश्य अनेकदा काही महिन्यांत आपोआप ओसरते, आणि माणूस मदत मागायला येतो तो बहुधा त्याची अवस्था सर्वांत बिकट असताना. त्यामुळे त्यानंतर काहीही केले, तरी बऱ्याच जणांना थोडेफार बरे वाटू लागते. ‘दोन बैठकांत नैराश्य घालवतो’ असा दावा करणारे या आपोआप होणाऱ्या सुधारणेचेच श्रेय लाटतात. म्हणून तुलनेसाठी दुसरा गट हवा, आणि कोणी कोणत्या गटात जायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निव्वळ योगायोगाने ठरायला हवे. दुसऱ्या गटाला नुसतेच प्रतीक्षा यादीत ठेवले, तर पहिल्या गटाचा उपचार वास्तवापेक्षा अधिक गुणकारी भासण्याचा धोका असतो. खरी परीक्षा होते ती दोन पूर्ण उपचार समोरासमोर ठेवल्यावरच.

इथे अडचण उभी राहते ती रुग्णसंख्येची. नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीत एकाच गटातल्या रुग्णांना मिळणाऱ्या गुणांमध्ये जी स्वाभाविक तफावत असते, ती सांख्यिकीत प्रमाण विचलनाने मोजतात. दोन उपचारांमधला फरक या विचलनाच्या निम्मा असेल, तर तो पाचातून चार वेळा पकडण्यासाठी प्रत्येक गटात ६४ रुग्ण पुरतात. मात्र फरक निम्म्यावर आला की रुग्णसंख्या दुप्पट नव्हे, तर चौपट लागते. म्हणजे प्रत्येक गटात सुमारे २५०. दोन चांगल्या उपचारांमधला फरक लहानच असण्याची शक्यता अधिक, आणि असे असताना गटात तीस-चाळीस रुग्ण घेऊन केलेल्या चाचणीला तो दिसला नाही, यात नवल ते काय?

त्यात थेरपिस्टचा प्रश्न वेगळाच. गोळी कोणीही दिली तरी तीच असते. थेरपी मात्र देणाऱ्या व्यक्तीनुसार बदलते, त्यामुळे एकाच थेरपिस्टकडच्या रुग्णांचे निकाल एकमेकांशी थोडे मिळतेजुळते येतात. निकालांमधल्या एकूण तफावतीचा केवळ पाच टक्के भाग थेरपिस्टमुळे आहे आणि प्रत्येकाकडे दहा रुग्ण आहेत असे धरले, तर आवश्यक रुग्णसंख्येला १ + (१० − १) × ०.०५, म्हणजेच १.४५ ने गुणावे लागते. पाचशेची संख्या सव्वासातशेवर जाते.

मग ‘सारखेच’ कसे सिद्ध करायचे? त्यासाठीची रचना मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ‘नवा उपचार जुन्यापेक्षा फार तर इतका कमी पडला तरी चालेल’ अशी मर्यादा चाचणीपूर्वीच जाहीर करायची, आणि शेवटी योगायोगाने पडू शकणारा फरक हिशेबात धरूनही निकाल त्या मर्यादेच्या आत राहतो का, ते पाहायचे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोब्रा’ या ब्रिटिश चाचणीत ४४० रुग्णांवर हेच केले गेले. एकीकडे विचारांवर काम करणारी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी) होती आणि दुसरीकडे दैनंदिन कृती वाढवण्यावर भर देणारी, तुलनेने सोपी पद्धत. मोजमाप नऊ प्रश्नांच्या, शून्य ते सत्तावीस गुणांच्या प्रश्नावलीने झाले आणि मर्यादा होती १.९ गुणांची. वर्षभराने दोन्ही गटांची सरासरी ८.४ आली, आणि सोपी पद्धत मर्यादेच्या आत राहिली. तीही मानसोपचारांचे व्यावसायिक शिक्षण न घेतलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी दिली होती. हीच पद्धत कमी पडली असती, तर दोष पद्धतीचा की देणाऱ्यांचा, हे या रचनेतून सांगता आले नसते. पण स्वस्तात मनुष्यबळ उभे करता येईल का, या व्यावहारिक प्रश्नासाठी ती रचना योग्यच होती.

या रचनेत एक सापळाही आहे. नेहमीच्या चाचणीत ढिलाई दावा करणाऱ्यालाच भोवते, कारण तिच्यामुळे फरक पुसट होतो. इथे मात्र फरक पुसट होणे हेच दाव्याच्या पथ्यावर पडते. बैठका अर्ध्यावर सोडल्या गेल्या किंवा दोन्ही थेरपिस्टनी थोडेफार तेच केले, तर ‘सारखेच’ हा निकाल विनासायास हाती लागतो. म्हणून चिठ्ठीप्रमाणे विभागलेल्या सर्व रुग्णांचा हिशेब वेगळा आणि पुरेशा बैठका घेतलेल्यांचा वेगळा, असे दोन हिशेब मांडले जातात. शिवाय बैठकांची ध्वनिमुद्रणे त्रयस्थ तज्ज्ञांकडून तपासून घेतात, म्हणजे सीबीटीच्या नावाखाली खरोखर सीबीटीच दिली गेली का, हे कळते.

गटांच्या सरासऱ्या सारख्या आल्या, तरी एखाद्या विशिष्ट रुग्णाला दोन्ही उपचार सारखेच लागू पडतील असे नाही. कोणाला काय लागू पडेल हे शोधायला याहूनही मोठी रुग्णसंख्या लागते, जी एकट्या चाचणीच्या आवाक्याबाहेरची असते; त्यामुळे आता अनेक चाचण्यांमधल्या एकेका रुग्णाची माहिती एकत्र करून ती अभ्यासली जात आहे.