दोन फायली सारख्या आहेत, हे ठरवायचं कसं?

‘साइझ तीच, तारीख तीच, म्हणजे फाइल तीच.’ हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी वाद घालत नाही, फायलीतल्या एका ७ चा १ करून दाखवतो. साइझ एका बाइटनेही हलत नाही. तारीख तर कुठलाही प्रोग्रॅम हवी ती लावू शकतो. साइझ-तारखेवरचा हा भरवसा म्हणजे निव्वळ श्रद्धा.

खात्री हवी तर मजकूर वाचावाच लागतो. विंडोजच्या बॅच स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ओळीने चालवायच्या कमांडच्या यादीत, हे काम ‘एफसी’ कमांड करते आणि जाताना एक आकडा मागे ठेवते: फायली सारख्या असतील तर ०, फरक असेल तर १, एखादी सापडलीच नाही तर २. पुढे काय करायचं ते स्क्रिप्ट या आकड्यावरून ठरवते. गोम अशी, की हा आकडा तपासणारी ‘इफ एररलेव्हल १’ ही ओळ म्हणजे ‘आकडा १ असेल तर’ नव्हे; ‘१ किंवा त्याहून मोठा असेल तर’. नवी फाइल आलेलीच नसताना माझ्या एका स्क्रिप्टने यापायी ‘फरक आहे’ असं समजून जुनी पुसून टाकली होती. आता मी आधी २ तपासतो, मग १.

पण मला खरी भुरळ आहे ती पुढच्या प्रश्नाची: फरक नेमका कुठे आहे? पहिली ओळ पहिलीशी, दुसरी दुसरीशी असं जुळवत गेलं, तर सुरुवातीला एकच ओळ घुसली तरी खालचं सगळं वेगळं दिसू लागतं. युनिक्समधला ‘डिफ’ हा फरक ओळीओळीने दाखवणारा प्रोग्रॅम डग्लस मॅकइलरॉय यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिला. त्यामागची रीत त्यांनी जेम्स हंट यांच्यासह १९७६ मध्ये मांडली. त्यात प्रश्नच उलटा केलाय: क्रम न मोडता दोन्हींत जास्तीत जास्त काय सामाईक आहे? ते बाजूला काढलं की उरतो तो फरक.

एका फायलीत ओळी आहेत क ख ग घ च, दुसरीत क ग घ ख च. जागेनुसार पाहिलं तर तीन ओळी चुकतात. पण क ग घ च हा क्रम दोन्हींत शाबूत आहे. म्हणजे फक्त ख एका जागेवरून गेला आणि दुसरीकडे आला.

हा क्रम शोधायची सरळ रीत म्हणजे तक्ता. एका फायलीच्या ओळी आडव्या, दुसरीच्या उभ्या. ओळी जुळल्या तर तिरप्या, वर-डावीकडच्या घरातल्या आकड्यात १ मिळवायचा; नाही तर वरच्या आणि डावीकडच्या आकड्यांतला मोठा उतरवायचा. शेवटच्या घरात सामाईक ओळींची संख्या येते, आणि तिथून उलट चालत आलं की त्या ओळीही सापडतात. मात्र दोन्हीकडे दहा-दहा हजार ओळी असतील तर घरं होतात दहा कोटी!

१९८६ मध्ये युजीन मायर्स यांनी दाखवलं, की फरक थोडे असतील तर सगळा तक्ता भरायची गरजच नाही. ओळी जुळतात तिथे तक्त्यातल्या तिरप्या रेषांवरून फुकट घसरत जायचं, आणि खर्च करायचा तो फक्त ओळ जुळत नाही तिथे.