आरएनए

आरएनए, म्हणजेच रायबोन्यूक्लिक आम्ल, हे रायबोज साखर, फॉस्फेट आणि चार प्रकारचे बेस यांपासून बनलेले साखळीसारखे न्यूक्लिक आम्ल आहे. ते प्रत्येक सजीव पेशीत असते. इन्फ्लुएंझा, डेंग्यू, कोरोना अशा अनेक विषाणूंत तर आनुवंशिक माहितीही आरएनएमध्येच साठवलेली असते. डीएनएपासूनचे त्याचे तीन फरक शाळेपासून पाठ असतात : थायमिनऐवजी युरॅसिल, डीऑक्सिरायबोजऐवजी रायबोज आणि दोन धाग्यांऐवजी एक. तिन्ही फरक एकाच दमात सांगितले जात असले, तरी त्यांचे वजन सारखे नाही. आरएनएच्या बहुतेक खोड्या साखरेतल्या फरकातून निघतात.

रचना : रायबोजच्या पहिल्या कार्बनला ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन किंवा युरॅसिल जोडलेले असते. एका साखरेचा तिसरा कार्बन फॉस्फेटमार्फत पुढच्या साखरेच्या पाचव्या कार्बनला जोडला जातो. दुसऱ्या कार्बनवर डीएनएत नुसता हायड्रोजन असतो, आरएनएत मात्र हायड्रॉक्सिल गट असतो. अल्कलीत हा गट प्रोटॉन गमावतो आणि शेजारच्याच फॉस्फरसवर हल्ला करतो. साखळी तिथे तुटते. म्हणून सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये आरएनएचा चुरा होतो. डीएनएचे दोन धागे फक्त सुटे होतात, तुटत नाहीत. मॅग्नेशियम आयन असताना तापवले, तरी आरएनए असाच तुटतो.

एकेरी धागा सरळ ताणून राहत नाही. जुळणारे बेस समोरासमोर आले की तो स्वतःवरच दुमडतो आणि केसांच्या आकड्यासारखी वळणे तयार होतात. ॲडेनिन–युरॅसिल व ग्वानिन–सायटोसिन यांच्याबरोबर इथे ग्वानिन–युरॅसिल ही सैल जोडीही चालते. जोडलेल्या भागाच्या मळसूत्रात एका वेढ्याला सुमारे ११ जोड्या बसतात. डीएनएच्या नेहमीच्या रूपात सुमारे १०.५.

प्रकार व कार्य : पेशीतल्या एकूण आरएनएपैकी सुमारे ८० टक्के रायबोसोमचा, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्राचा, असतो. ज्याचे नाव सर्वांत जास्त ऐकू येते तो संदेशवाहक आरएनए (एमआरएनए), म्हणजे प्रथिनाची कृती डीएनएकडून रायबोसोमपर्यंत नेणारा, जेमतेम १ ते ५ टक्के. डीएनएवरून तो घडवताना दृश्यकेंद्रकी (केंद्रक असलेली) पेशी त्याच्या पुढच्या टोकाला मिथाइलयुक्त ग्वानोसिनची टोपी चढवते, इंट्रॉन (प्रथिनाची माहिती नसलेले मधले तुकडे) कापून काढते आणि बहुधा मागे ॲडेनिनची लांब शेपटी जोडते. जिवाणूंत ही मशागत जवळपास नसते. तिथे संदेश पुरता लिहून होण्याआधीच रायबोसोम तो वाचू लागतो आणि काही मिनिटांत तो नष्टही होतो.

वाहक आरएनए साधारण ७६ ते ९० न्यूक्लिओटाइडांचा (साखर, फॉस्फेट व बेस मिळून एक न्यूक्लिओटाइड) असतो. त्याच्या एका वळणावरचे तीन बेस संदेशातला संकेत ओळखतात, तर दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल जोडलेले असते. यीस्टमधल्या ॲलॅनिनच्या वाहकाचा पूर्ण क्रम रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. १९६८ चे नोबेल त्यांना हरगोविंद खोराना आणि मार्शल निरेनबर्ग यांच्यासोबत मिळाले.

रासायनिक क्रिया घडवणे हे फक्त प्रथिनांचे काम, ही समजूत थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांच्या संशोधनाने मोडली (नोबेल, १९८९). रायबोसोममध्ये अमिनो आम्लांचा बंध जुळतो त्या जागी आरएनएच असतो, असे २००० साली स्फटिकरचनेवरून दिसले. प्रथिने बनवणारे यंत्र मुळात आरएनएचे आहे.

लहान आरएनएंचे महत्त्व उशिरा कळले. सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचा सूक्ष्म आरएनए जुळणाऱ्या संदेशाला चिकटून त्यापासून प्रथिन बनणे रोखतो. पहिला सूक्ष्म आरएनए १९९३ मध्ये एका गोलकृमीत सापडला.

साठवण : तुटण्याच्या रासायनिक क्रियेला पाणी आणि उष्णता पोषक ठरतात. फायझरची कोरोना लस म्हणूनच सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागे. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या जेमकोव्हॅक-१९ या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये भारतात आपत्कालीन परवानगी मिळाली. ती २ ते ८ अंश सेल्सियसला राहते, म्हणजे लसीकरण केंद्रातल्या साध्या शीतपेटीत.

प्रयोगशाळेतील हाताळणी : खरा शत्रू आरएनए तोडणारे आरएनेज हे एंझाइम. ते घामात, त्वचेवर, धुळीत असते. चार डायसल्फाइड बंधांमुळे उकळूनही पुन्हा मूळ घडी घेते. त्यामुळे ऑटोक्लेव्हवर (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावर) विसंबू नये. काचेची भांडी २४० अंशांना चार तास भाजावीत. पाण्यात ०.१ टक्के डीईपीसी (आरएनेज निकामी करणारे रसायन) मिसळून रात्रभर ठेवावे आणि मग ऑटोक्लेव्ह करून उरलेले डीईपीसी घालवावे. ट्रिस बफरला (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाला) ही युक्ती चालत नाही, कारण डीईपीसी ट्रिसच्याच अमिनो गटाशी संयोग पावते.

ऊतीतून आरएनए काढताना ५० ते १०० मिलिग्रॅम ऊतीला १ मिलिलिटर ग्वानिडिन–फिनॉल द्रावण घेतात. पेशी फुटताच त्यातले ग्वानिडिन आरएनेजला निकामी करते. मग ०.२ मिलिलिटर क्लोरोफॉर्म घालून ४ अंशांना, १२,००० जी (गुरुत्वाच्या १२,००० पट) वेगाने १५ मिनिटे फिरवतात. फिनॉल आम्लधर्मी असल्याने डीएनए मधल्या व खालच्या थरात जातो आणि आरएनए वरच्या पाण्यात राहतो. हा थर उचलताना लोभ नडतो : शेवटचा थेंब मिळवायला गेले की मधला थरही पिपेटमध्ये येतो. आयसोप्रोपॅनॉलने साका बसवून तो ७५ टक्के इथेनॉलने धुतात. साका कोरडाठाक करू नये, तो नंतर विरघळत नाही.

२६० नॅनोमीटरच्या प्रकाशाचे १.० शोषण म्हणजे मिलिलिटरला सुमारे ४० मायक्रोग्रॅम आरएनए. २६० व २८० च्या शोषणांचे गुणोत्तर (शुद्धतेची खूण) २ च्या जवळ हवे. निव्वळ पाण्याचा सामू थोडा आम्लधर्मी असल्याने त्यात ते कमी दिसते. अशा वेळी नमुना फेकण्याआधी ट्रिसमध्ये पुन्हा मोजावा. गुणोत्तर चांगले आले तरी साखळी अखंड आहे असे सिद्ध होत नाही, त्यासाठी जेल (रेणू लांबीनुसार वेगळे करणारी चाचणी) लागते. त्यावर रायबोसोमच्या दोन आरएनएंपैकी २८एसचा पट्टा १८एसच्या साधारण दुप्पट गडद दिसला पाहिजे. पुढे आरटी-पीसीआर (आरएनएचा डीएनए करून त्याच्या प्रती वाढवणे) करायचा असल्यास रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारे एंझाइम) न घातलेली एक नळी सोबत लावावी. तिच्यातही संकेत उमटला, तर तो नमुन्यात राहून गेलेल्या डीएनएचा असू शकतो.