गच्चीवरची काळी टाकी आणि स्वस्त वस्तूचं गणित

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीच्या गच्चीवर जा, पाण्याच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या दिसतीलच. त्यांचा रंग उगाच काळा नसतो. पॉलिथिलीनमध्ये मिसळलेला कार्बन ब्लॅक उन्हातले अतिनील किरण शोषून घेतो, म्हणून टाकी उन्हापावसात वर्षानुवर्षं टिकते. ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, म्हणजे पुण्याची 'आरती' ही संस्था, शहरी स्वयंपाकघरासाठी छोटं बायोगॅस संयंत्र करायला बसली तेव्हा तिनं नेमक्या अशाच टाक्या उचलल्या. एक मोठी, एक किंचित लहान. दोन्हींची तोंडं कापायची, मोठीत राबडा, म्हणजे खाद्य आणि पाण्याचं पातळ मिश्रण, भरायचा आणि लहान टाकी तिच्यात उपडी सोडायची. गॅस साठला की वरची टाकी उचलली जाते, वापरला की खाली बसते. खड्डा नको, वीटबांधकाम नको, गवंडीही नको.

यातली खरी हुशारी जीवशास्त्रातली आहे. डॉ. आनंद कर्वे हे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचा मुद्दा साधा होता: गाईनं चाऱ्यातलं पचण्याजोगं बहुतेक सगळं आधीच काढून घेतलेलं असतं, मग उरलेल्या शेणातून गॅस तयार करणाऱ्या जिवाणूंना मिळणार काय? त्याऐवजी उरलेला भात, पोळी, खराब पीठ, पिकून सडलेली फळं दिली तर स्टार्च आणि साखर त्यांना आयती मिळते. आरतीच्या मांडणीप्रमाणे तेवढ्याच गॅससाठी जिथे शेण सुमारे 40 किलो आणि 40 दिवस लागतात, तिथे असं पिठूळ खाद्य एक-दोन किलो पुरतं आणि काम दिवसभरात उरकतं. खाद्य कमी, म्हणून टाकी लहान. टाकी लहान, म्हणून ती गच्चीवर मावते. किंमत कमी झाली ती या साखळीमुळे, प्लॅस्टिक स्वस्त आहे म्हणून नव्हे. या संयंत्राला 2006 साली स्वच्छ ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

नमुना, म्हणजे प्रोटोटाइप, चालू झाल्यावर मात्र अशा गोष्टी समोर येतात ज्या कागदावर सुचत नाहीत. तरंगत्या टाकीच्या वजनामुळे गॅसला मिळणारा दाब जेमतेम काही सेंटीमीटर पाण्याएवढा. घरच्या सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून गॅस येतो तो सुमारे 30 सेंटीमीटर पाण्याच्या दाबानं. शिवाय बायोगॅसमध्ये बराचसा कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीच्या मानानं उष्णता चौथा-पाचवा हिस्साच. म्हणजे नेहमीची शेगडी जोडली तर ज्योत मिणमिणणार. जेटचं भोक मोठं करावं लागतं, टाकीवर दगड किंवा विटा ठेवून दाब वाढवावा लागतो. एकदम जास्त खरकटं घातलं तर आम्ल वाढतं आणि मिथेन करणारे जिवाणू बसून जातात. डिसेंबरच्या थंडीत त्यांचा वेग आपोआपच मंदावतो.

आणि मग सगळ्यात अवघड प्रश्न, ज्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही: रात्री भांडी घासून झाल्यावर खरकट्याची बादली घेऊन चार जिने चढायचं कुणी? माझ्या मते घरगुती उपकरणाचा नमुना पहिल्यांदा याच प्रश्नासाठी करावा. गॅस किती निघतो ते नंतर मोजता येतं.

नमुना करायला पुणं सोयीचं गाव आहे. मोटर, सेन्सर, वायर, बॅटरीचे सेल तपकीर गल्लीत मिळतात, स्क्रू-नट-पत्रा-अवजारं बोहरी आळीत, आणि लेथवर एखादाच जॉब करून हवा असेल तर भोसरीकडे वर्कशॉपची कमी नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात, जो डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली सुरू केला, फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू करून पाहण्याची कार्यशाळाही आहे. पण पहिला नमुना पुठ्ठ्याचा आणि चिकटपट्टीचाच बरा. हातात नीट बसतं का, झाकण ओल्या हातानं उघडतं का, एवढंच त्याला विचारायचं. हल्ली लोक थेट थ्रीडी प्रिंटकडे धावतात. छपाईला सहसा वापरतात ते पीएलए प्लॅस्टिक साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तो नमुना ठेवा, संध्याकाळी वाकलेला मिळेल. शिवाय थरावर थर देऊन केलेली वस्तू थरांच्या सांध्यात आधी फाटते. प्रिंट आकाराबद्दल खरं सांगतो, ताकदीबद्दल नाही.

पुढे मोल्डचं, म्हणजे प्लॅस्टिक ओतायच्या साच्याचं, गणित येतं आणि हौशी डिझायनर तिथेच घामाघूम होतो. समजा मोल्डला 3 लाख रुपये पडले. हजार नग काढले तर प्रत्येक नगावर 300 रुपयांचा बोजा, लाख नग काढले तर 3 रुपयांचा. आरतीच्या टाकीचा मोल्ड पाणी साठवणाऱ्या लाखो घरांनी आधीच फेडलेला होता! बाजारात तयार मिळणारा भाग वापरणं हा कंजूषपणा नव्हे, तो उत्तम डिझाइनचा भाग आहे.

मोल्ड करावाच लागला तर भिंत जाड करण्याचा मोह आवरावा. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो खरा, पण प्लॅस्टिक दुप्पट लागतं आणि साच्यात थंड व्हायला जवळपास चौपट वेळ जातो, आणि मशीनचं भाडं तर तासावर असतं. म्हणून बादलीच्या, खुर्चीच्या उलट्या बाजूला पातळ उभ्या पट्ट्या दिसतात. त्या रिब्जमुळे थोड्याच प्लॅस्टिकमध्ये ताठपणा येतो. शाम्पूच्या बाटलीचं टपकन उघडणारं झाकणही पाहा. बिजागरी, पिन, जोडणी काहीच नाही, फक्त पॉलिप्रॉपिलीनची एक बारीक पातळ रेघ. वाकवली की तिथले लांब रेणू ओळीत येतात आणि ती हजारो वेळा वाकली तरी तुटत नाही.

काटछाट कुठे करू नये याचं चांगलं उदाहरणही पुण्यातच आहे. टाटांच्या हडपसरच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेवर पाणी गाळण्याचं काम झालं. तुसात सिलिका भरपूर असते. ते जाळल्यावर उरणारी राख सच्छिद्र असते, त्यामुळे पाण्याला भिडणारा तिचा पृष्ठभाग प्रचंड. तिच्यावर चांदीचे नॅनोकण बसवले की जिवाणू मरतात. वीज नको, नळाचा दाबही नको, पाणी आपल्या वजनानं झिरपतं. 2009 साली 'टाटा स्वच्छ' हा फिल्टर बाजारात आला तो हजार रुपयांच्या आत. मात्र त्यात एक जास्तीची वस्तू मुद्दाम ठेवलेली होती. सुमारे 3000 लिटर पाणी गेलं की गाळणीचं काडतूस (कार्ट्रिज) आपोआप बंद होतं, थेंबही पडत नाही. कारण चांदीचा प्रभाव संपल्यावरही पाणी तितकंच नितळ दिसतं, आणि ते पिणाऱ्याला काही कळायची सोय नसते. किंमत खाली आणण्याच्या चढाओढीत हा भाग पहिल्यांदा उडाला असता. तो ठेवणाऱ्यांनी एक अडचणही पत्करली: पाणी थांबलं की गिऱ्हाईकाला आधी फिल्टर बिघडला असंच वाटणार, आणि दुकानदाराला प्रत्येकाला समजावत बसावं लागणार.