रिचर्ड थॉम्पसन

थॉम्पसन, रिचर्ड : (३ एप्रिल १९४९ – ). इंग्लिश गायक, गीतकार आणि गिटारवादक. ब्रिटिश बेटांवरील जुन्या लोकगीतांना इलेक्ट्रिक गिटार व ड्रमची जोड देणाऱ्या ‘फोक-रॉक’ संगीताच्या जनकांपैकी एक.

लंडनच्या नॉटिंग हिल भागात त्यांचा जन्म झाला. वडील मूळचे स्कॉटिश, पोलीस खात्यात नोकरीला आणि हौसेने गिटार वाजवणारे. घरात जँगो राइनहार्ट व लेस पॉल या गिटारवादकांच्या तबकड्या होत्या, तसेच ॲकॉर्डियनवादक जिमी शँड यांचे स्कॉटिश नृत्यसंगीतही. शाळा सुटल्यावर थॉम्पसन यांनी काही काळ रंगीत काचेच्या खिडक्या घडवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी केली.

१९६७ मध्ये ‘फेअरपोर्ट कन्व्हेन्शन’ हा वाद्यवृंद सुरू झाला, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. सुरुवातीला ही मंडळी बॉब डिलन, जोनी मिचेल अशांची गाणी वाजवत. १९६८ मध्ये ‘द बँड’ या वाद्यवृंदाचा पहिला अल्बम ऐकला आणि अमेरिकन मातीतले संगीत अमेरिकनांनाच शोभते, हे त्यांना उमगले. मग आपल्या मातीतले काय? हा प्रश्न घोळत असतानाच, १२ मे १९६९ च्या पहाटे बर्मिंगहॅमहून परतताना त्यांच्या व्हॅनला महामार्गावर अपघात झाला. एकोणीस वर्षांचा ड्रमवादक मार्टिन लँबल आणि थॉम्पसन यांची मैत्रीण त्यात दगावले. उरलेल्यांनी आपली आधीची गाणी बाजूला ठेवली, हॅम्पशरमध्ये घर भाड्याने घेतले आणि लोकगीतांवर काम सुरू केले. गायिका सँडी डेनी आणि व्हायोलिनवादक डेव्ह स्वॉरब्रिक यांच्यासह केलेला ‘लीज अँड लीफ’ (१९६९) हा अल्बम त्यातून आला.

१९७१ मध्ये त्यांनी वाद्यवृंद सोडला. पहिला स्वतंत्र अल्बम खपला नाही. पत्नी लिंडा यांच्यासोबतचे ‘आय वाँट टू सी द ब्राइट लाइट्स टुनाइट’ (१९७४) आणि ‘शूट आउट द लाइट्स’ (१९८२) मात्र आजही वाखाणले जातात. मधल्या काळात दोघे सूफी पंथाकडे वळले आणि काही वर्षे संगीतापासून दूर राहिले. १९८२ चा अमेरिका दौरा त्यांनी संसार मोडल्यावर एकत्र केला.

त्यांच्या वादनात अंगठा व तर्जनीत धरलेली पट्टी (प्लेक्ट्रम) खालच्या सुरांच्या तारा छेडते आणि मोकळी बोटे वरच्या तारांवर धून वाजवतात. खाली एक सूर तंबोऱ्यासारखा धरून ठेवायचा, ही खोड मशकबाजाची (बॅगपाइपची). ‘१९५२ व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग’ (१९९१) या गाण्यात खालच्या दोन तारा उतरवून लावल्या आहेत. एकच गिटार असूनही दोघे वाजवत असल्यासारखे वाटते. अमेरिकन गाण्यांत मोटारी आणि गावांची नावे रुबाबात येतात. तशी ब्रिटिश वस्तू शोधताना त्यांना ‘व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग’ ही दुर्मीळ मोटारसायकल सापडली. गोष्ट मात्र जुन्या कथागीतांचीच : जेम्स हा दरोडेखोर तरुण, लाल केसांची मॉली, छातीत बसलेल्या गोळ्या आणि मरताना तिच्या हाती दिलेली गाडीची किल्ली. हे गाणे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते शंभरेक वर्षांपूर्वीचे वाटले तर नवल नाही. मोटारसायकल तेवढी त्याचे खरे वय उघड करते.

लोकप्रिय गाण्यांच्या यादीत त्यांचे नाव क्वचितच झळकले, पण त्यांची गाणी इतर गायकांनी आवर्जून गायली. २०११ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारचा ‘ओबीई’ (ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर) किताब मिळाला. ‘बीझविंग’ (२०२१) हे आत्मकथन, तर ‘शिप टू शोअर’ (२०२४) हा पंचाहत्तरीतला अल्बम.

१९९९ मध्ये ‘प्लेबॉय’ मासिकाने अनेक संगीतकारांकडे सहस्रकातील सर्वोत्तम गाण्यांची यादी मागितली. थॉम्पसन यांनी ‘सहस्रक’ हा शब्द शब्दशः घेतला आणि मध्ययुगापासून सुरुवात केली. यादी छापून आली नाही. तिच्यातून त्यांनी रंगमंचावरचा कार्यक्रम बांधला, तो तेराव्या शतकातील ‘सुमेर इज इकुमेन इन’पासून थेट पॉप गायिका ब्रिटनी स्पिअर्सच्या ‘ऊप्स!’पर्यंत येतो.