आधी स्वतः त्या खुर्चीत

थेरपिस्ट व्हायचं म्हटलं की आपल्याकडे चर्चा सुरू होते ती एम.ए.पासून. विद्यापीठ कुठलं, क्लिनिकल घ्यायचं की काउन्सेलिंग, इंटर्नशिप कुठे मिळेल? या क्षेत्रात शंभर वर्षांपूर्वी ज्या प्रश्नावर कडाक्याचे वाद झाले, तो मात्र या यादीत क्वचितच असतो. दुसऱ्याच्या मनावर उपचार करू पाहणाऱ्यानं स्वतः उपचार घेतलेत का?

मनोविश्लेषण, म्हणजे बोलण्यातून मनात दडलेलं शोधण्याची पद्धत, काढणाऱ्या फ्रॉइडची सुरुवात या अटीशिवायच झाली. १८९७च्या सुमारास त्यानं स्वतःची स्वप्नं तपासत स्वतःचंच विश्लेषण केलं. पहिल्या शिष्यांचं शिक्षणही ऐसपैसच होतं. माक्स आयटिंगॉन याचं विश्लेषण १९०९मध्ये व्हिएन्नात संध्याकाळी फ्रॉइडबरोबर फिरता फिरता झालं. १९१२मध्ये मात्र फ्रॉइडनं लिहिलं की, उपचारकाचं आधी विश्लेषण व्हावं ही मागणी पुढे आणण्याचं श्रेय झुरिकच्या, म्हणजे त्याचा तेव्हाचा सहकारी युंग याच्या गटाला जातं. त्यामागचं कारण व्यवहाराचं होतं. उपचारकानं स्वतः जे दडपून ठेवलंय, ते रुग्णाच्या बोलण्यात आलं तरी त्याच्या लक्षात येत नाही.

तरीही मनोविश्लेषकांच्या १९१८च्या बुडापेस्ट परिषदेत हरमान नुनबर्ग या विश्लेषकानं ही अट सक्तीची करा म्हटलं, तेव्हा प्रस्ताव फेटाळला गेला. चित्र पालटलं ते बर्लिनमध्ये. १९२०मध्ये तिथे गरिबांनाही परवडेल असं उपचारकेंद्र निघालं आणि शिकाऊ मंडळींचं विश्लेषण करायला फ्रॉइडचा शिष्य हान्स झाक्स आला. १९२५च्या बाड होमबुर्ग परिषदेत प्रशिक्षणाचे नियम आखायला आंतरराष्ट्रीय समिती नेमली गेली. शिकणाऱ्याचं स्वतःचं विश्लेषण, सिद्धान्ताचा अभ्यास आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली घेतलेले रुग्ण, ही बर्लिनची त्रिसूत्री मग सगळीकडे गेली. समितीचा अध्यक्ष होता आयटिंगॉन, तोच फिरता फिरता शिकलेला! नियम करणारे बहुधा असेच, नियमांआधी शिकलेले असतात.

थेरपिस्ट डॉक्टरच असायला हवा का, हा वादही तेव्हाचाच. व्हिएन्नात टेओडोर राइक या डॉक्टर नसलेल्या विश्लेषकावर भोंदूगिरीचा आरोप झाला. त्याच्या बचावासाठी फ्रॉइडनं १९२६मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. वैद्यकीय पदवीपेक्षा स्वतःच्या मनाची ओळख महत्त्वाची, असा त्याचा रोख होता.

भारतात हे सगळं कोलकात्यातून आलं. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी दडपलेल्या इच्छांवर प्रबंध लिहिला, तो फ्रॉइडला पाठवला आणि १९२२मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. दोघांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला, भेट कधीच झाली नाही. मुंबईत वाट वेगळी निघाली. टाटा इन्स्टिट्यूटनं १९३७मध्ये बालमार्गदर्शन केंद्र काढलं आणि समुपदेशन समाजकार्याच्या अंगानं वाढलं. त्यात कुटुंब, शाळा, वस्ती हे सगळं होतं, उपचारकाच्या स्वतःच्या मनाचा विषय मागे राहिला.

तो विषय मराठी माणसांपर्यंत पोचला तो पत्रांतूनच, पण न्यूयॉर्कहून आलेल्या. मनोविश्लेषणाचं रीतसर प्रशिक्षण घेऊन त्यातून बाहेर पडलेल्या अल्बर्ट एलिसनं १९५५मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, म्हणजे त्रासामागचे अविवेकी विचार शोधून ते बदलायची पद्धत. मुंबईचे कि. मो. फडके यांनी १९६८मध्ये त्याला पत्र लिहिलं आणि हा संवाद साडेतीन दशकं टिकला. फडक्यांनी पुढे इथल्या अनेकांना ही पद्धत शिकवली. तिच्या प्रशिक्षणात एकमेकांवर सराव करताना खोटी भूमिका घ्यायची नसते, स्वतःची खरी अडचण मांडायची असते. मला वाटतं, बर्लिनच्या जुन्या अटीचं हे सगळ्यात स्वस्त आणि परवडणारं रूप आहे.

थेरपीचा फायदा होतो का, हा प्रश्न दरम्यान संशोधकांनी धसाला लावला होताच. १९५२मध्ये हान्स आयझेंक म्हणाला, उपचाराविनाही दोन तृतीयांश लोक बरे होतात, मग थेरपी हवी कशाला? १९७७मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी जवळपास ३७५ अभ्यासांची एकत्र मोजदाद केली. थेरपी घेतलेली सरासरी व्यक्ती न घेतलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत होती, आणि पद्धती-पद्धतींत फरक फारसा नव्हता. हा शेवटचा निष्कर्ष पद्धतीच्या अभिमान्यांना आजही झोंबतो.

आपल्या कायद्याचं लक्ष कागदावर आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेला १९९२च्या कायद्यानं वैधानिक अधिकार दिले, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या मान्यताप्राप्त पदवीवर बेतली, आणि समुपदेशकांचा उल्लेख आला तो २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात. स्वतःच्या थेरपीची अट या तिन्हींत नाही. ती पाळायची तर शिकणाऱ्यानं स्वतःहून, स्वतःच्या खर्चानं. आठवड्याला एक सेशन म्हटलं तरी नुकत्याच एम.ए. झालेल्या मुलीला ते जड जातं. पहिल्या भेटीत थेरपिस्टला ‘तुमच्या कामावर देखरेख कोण करतं?’ असं विचारायला मात्र पैसे पडत नाहीत.